अमेरिकेतल्या घराची डोअरबेल वाजत नाहीये? १६ व्होल्टची वायरिंग स्वतः कशी तपासायची

इकडे अमेरिकेत घर घेतलेल्या आपल्या बऱ्याच लोकांकडे बघितलंय, दारावरची बेल बंद पडली की महिनोन्‌महिने तशीच राहते. येणारा माणूस फोन करतो किंवा दार वाजवतो, आपल्याला पॅकेज आल्याचं नोटिफिकेशन येतं, काही अडत नाही असं वाटतं. पण आई-बाबा भारतातून सहा महिने राहायला आले आणि दुपारी घरात ते दोघंच असले की खरी पंचाईत होते, ते आत टीव्ही लावून बसलेले, बाहेर सही घेऊन औषध द्यायला आलेला माणूस बटण दाबून दाबून निघून जातो. त्यांना कुठलं ॲप नको असतं, भिंतीवरचा डिंग-डाँग ऐकू आला की झालं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण हे काम घरी करण्यासारखं आहे आणि बहुतेक वेळा बिघाड दहा-वीस डॉलरच्या वस्तूत असतो, फक्त कुठल्या वस्तूत आहे ते शोधायची पद्धत माहीत पाहिजे. लोक काय करतात, आधी नवीन बटण आणतात, मग नवीन चाइम आणतात, मग कंटाळून वायरलेस बेल चिकटवतात. मोजून बघितलं असतं तर तासाभरात कळलं असतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही अजिबात स्किप करू नका. खाली जे काही लिहिलंय ते अमेरिका-कॅनडातल्या लो व्होल्टेज बेलसाठी आहे. आपल्याकडे पुण्यात, नाशकात, ठाण्यात घरोघरी जी बेल असते ती बहुतेक थेट २३० व्होल्टवर चालते, दाराबाहेरच्या बेल पुशमध्येही २३० व्होल्टच आलेले असतात. त्यामुळे इथे वाचलेलं “दोन वायरी एकमेकींना टेकवून बघा” हे तिकडे गावी जाऊन अजिबात करायचं नाही, जिवावर बेतेल. तसंच कोणी हौसेने तिकडून चिमणीच्या आवाजाची बेल आणली असेल तर ती इथल्या १६ व्होल्टवर वाजणार नाही. तिकडचं बेल पुशचं बटण मात्र नुसता स्विच असल्यामुळे इथे चालतं, पण ते पावसात-बर्फात टिकायला बनवलेलं नसतं.

बेलच्या सर्किटमध्ये असतं काय

चारच गोष्टी. ट्रान्सफॉर्मर, चाइम म्हणजे आतला डिंग-डाँगचा डबा, दाराबाहेरचं बटण, आणि या तिघांना जोडणारी बारीक वायर. ट्रान्सफॉर्मर घरातले १२० व्होल्ट घेतो आणि साधारण १६ व्होल्ट एसी बाहेर देतो, जुन्या घरांत ८ किंवा १० व्होल्टचेही सापडतात. वायर बहुतेक १८ गेजची, आत एकच घट्ट तांब्याची तार असलेली, लाल आणि पांढरी अशी जोडी. एसी असल्यामुळे प्लस-मायनस भानगड नाही, वायरी उलट्या लागल्या तरी फरक पडत नाही आणि रंगावर फार विश्वास पण ठेवू नका, ज्याने घर बांधताना वायर ओढली त्याने हातात आलेला रंग लावलेला असतो.

चाइमचं झाकण काढलं (बहुतेक नुसतं वर उचलून निघतं) की आत तीन स्क्रू दिसतील, फ्रंट, ट्रान्स आणि रिअर असं लिहिलेले. ट्रान्सवर ट्रान्सफॉर्मरची एक वायर येते. फ्रंटवर पुढच्या दाराच्या बटणाची एक वायर, रिअरवर मागच्या दाराच्या बटणाची. मग ट्रान्सफॉर्मरची दुसरी वायर आणि बटणांच्या उरलेल्या वायरी कुठे जातात? त्या तिथेच डब्यात किंवा डब्यामागच्या भोकात एकमेकींना पीळ मारून वायर नटने (फिरवून घट्ट बसवायची प्लास्टिकची टोपी) जोडलेल्या असतात, कुठल्याच स्क्रूवर नसतात. हा जोड नीट ओळखून ठेवा, पुढे त्याला मी “सामाईक जोड” म्हणणारे आणि सगळी तपासणी त्याच्याभोवती आहे. काही घरांत हा जोड चाइमपाशी नसून बेसमेंटमध्ये किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी असतो, अशा वेळी चाइमवर फक्त दोनच वायरी येतात, त्याचं पुढे सांगतो.

बटण दाबलं की सर्किट पूर्ण होतं, चाइममधल्या कॉइलमधून (तारेच्या वेटोळ्यातून) करंट जातो, आतला दांडा ओढला जाऊन एका पट्टीवर आपटतो, डिंग. बटण सोडलं की स्प्रिंग तो दांडा मागे ढकलते आणि तो दुसऱ्या पट्टीवर आपटतो, डाँग. पुढच्या दाराला डिंग-डाँग आणि मागच्याला नुसतं डिंग, हे मुद्दाम तसं केलेलं असतं, की कुठल्या दाराशी माणूस आहे ते आतून कळावं. बटण दाबून धरलं तर डाँग येत नाही, हे लक्षात ठेवा, निदान करताना उपयोगी पडतं.

हाताशी काय लागेल

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, पंधरा-वीस डॉलरचा पुरतो. एक स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा स्ट्रिपर, फूटभर वायरचा तुकडा दोन्ही टोकं सोललेला, थोडा सँडपेपर, आणि कपडे वाळत घालायचा चिमटा. चिमटा कशाला ते सांगतोच. आणि लोकांकडे तो पेनासारखा व्होल्टेज टेस्टर असतो ना, वायरजवळ नेला की पीं पीं करणारा, तो बहुतेक या १६ व्होल्टला धरत नाही, तेव्हा तो गप्प राहिला म्हणून वायर मेलेली आहे असं समजू नका. १२० व्होल्टच्या बाजूला त्याचा उपयोग आहे, तिथे ठेवा.

मीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, म्हणजे व्ही आणि शेजारी नागमोडी रेघ, २० ची किंवा २०० ची रेंज. डीसीवर ठेवला तर शून्यच दाखवेल आणि तुम्ही चांगला ट्रान्सफॉर्मर काढून टाकाल.

सुरुवात बटणापासून

बटणापासून सुरुवात करायची कारण सगळ्यात जास्त तेच खराब होतं, ऊन-पाऊस-बर्फ सगळं त्याच्यावर. आधी बघा त्यात बारीक दिवा आहे का आणि तो लागतोय का. दिव्याच्या बटणात तो दिवा स्विचच्या समांतर बसवलेला असतो, त्याच्यातून जाणारा थोडासा करंट चाइमच्या कॉइलमधूनच येतो पण कॉइल हलवायला तो पुरत नाही. म्हणजे दिवा लागतोय पण बेल वाजत नाही, तर ट्रान्सफॉर्मरमध्ये जीव आहे आणि वायर कुठे पूर्ण तुटलेली नाही, एवढं हात न लावता कळलं. मग संशय बटणाचे कॉन्टॅक्ट, चाइमचा अडकलेला दांडा, किंवा कमजोर ट्रान्सफॉर्मर यांच्यावर. दिवा लागतच नसेल तर मात्र काहीही असू शकतं, दिवाच गेलेला असू शकतो.

आता बटणाचे स्क्रू काढून ते हळूच पुढे ओढा. मागे दोन वायरी दिसतील. सगळ्यात आधी त्यांना तो चिमटा लावा, कारण वायर सुटून भिंतीत गेली की परत बाहेर काढणं हे त्या दिवसाचं वेगळंच काम होऊन बसतं. मग बटणाच्या दोन स्क्रूंवर मीटर लावा. बटण न दाबता साधारण १६ ते २० दिसायला पाहिजेत (लोड नसताना, म्हणजे कोणी करंट ओढत नसताना, ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच देतो), दिव्याचं बटण असेल तर थोडे कमी. दाबल्यावर आकडा शून्याजवळ यायला हवा. दाबूनही आकडा हलला नाही तर बटणाचे कॉन्टॅक्ट गेले, विषय संपला. खात्री करायची तर, मीटरने १६-२० च्या आसपासच व्होल्टेज आहे हे एकदा बघून, दोन्ही वायरी बटणावरून सोडवून एकमेकींना क्षणभर टेकवा. बेल वाजली की नवीन बटण आणा, पाच-दहा डॉलरचं काम. वायरींची टोकं हिरवी-काळी पडली असतील तर तेवढी कापून चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोला आणि मगच नवीन बटणाला लावा, जुन्या काळ्या टोकावर नवीन बटण लावलं तर सहा महिन्यांनी परत तेच.

टेकवूनही काही नाही झालं? मग बटणाच्या वायरी सुट्या ठेवा, एकमेकींना न लागता, आणि आत चाइमकडे चला.

चाइमपाशी सर्किटचे दोन तुकडे करा

माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात कामाची जागा आहे. चाइम सर्किटच्या मधोमध बसलेला असतो, एका बाजूला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या बाजूला बटण, त्यामुळे इथे उभं राहून अर्धं घर एका मापात बाद करता येतं.

पहिलं माप, ट्रान्स स्क्रू आणि सामाईक जोड यांच्यामध्ये. वायर नट थोडा काढून आतल्या तांब्याला मीटरची दांडी लावा. १६-२० आले तर ट्रान्सफॉर्मर आणि त्याची वायर निदान जिवंत आहे. शून्य आलं तर चाइम आणि बटण दोन्ही विसरा, सरळ ट्रान्सफॉर्मरकडे जा.

दुसरं, तो फूटभर वायरचा तुकडा घ्या, एक टोक फ्रंट स्क्रूवर, दुसरं सामाईक जोडावर टेकवा. हे म्हणजे बटणाचं काम तुम्ही चाइमपाशीच केलं. वाजली? मग ट्रान्सफॉर्मर आणि चाइम दोन्ही ठीक, दोष बटणाकडे जाणाऱ्या वायरमध्ये. तुकडा जास्त वेळ टेकवून ठेवू नका, कॉइल सतत करंट सहन करायला बनवलेली नसते, तापते.

वाजली नाही तर तुकडा टेकवलेला असताना परत ट्रान्स आणि सामाईक जोडावर मीटर बघा, एक माणूस मदतीला घ्या म्हणजे सोपं जाईल. इथे बरेच जण फसतात म्हणून जरा थांबून सांगतो. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरीचा जोड गंजलेला असला, एका केसाएवढ्या तारेने लटकलेला असला, तरी मीटर निवांत १८ व्होल्ट दाखवतो. नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण दिसतं आणि नळ उघडला की करंगळीएवढी धार येते, तसंच हे. बेल वाजायच्या क्षणी खरा करंट मागितला जातो आणि तेव्हा व्होल्टेज कोसळतं. म्हणून नुसतं मोजून “व्होल्टेज येतंय, वायरिंग चांगली आहे” असं म्हणायचं नाही, लोड देऊन मोजायचं. वायर टेकवलेली असताना व्होल्टेज १४-१५ राहिलं आणि तरी आवाज नाही, तर चाइम खराब. व्होल्टेज ४-५ वर आलं तर तीन शक्यता, ट्रान्सफॉर्मर कमजोर, मधला जोड खराब, किंवा कॉइल आतून शॉर्ट. मग तीच टेस्ट करताना दुसऱ्या माणसाला ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूंवर मोजायला सांगा. तिथे १६ टिकतायत आणि चाइमपाशी पडतायत, तर मधली वायर किंवा जोड. तिथेच पडतायत तर ट्रान्सफॉर्मर किंवा कॉइल.

कॉइल वेगळी काढायची सोपी युक्ती, चाइममध्ये दोन कॉइल असतात, फ्रंटची आणि रिअरची. फ्रंटवरची वायर काढून रिअरवर लावा आणि बटण दाबा (बटण सोडवलेलं असेल तर त्याच्या दोन वायरी क्षणभर टेकवा). नुसतं डिंग वाजलं तर सगळी वायरिंग ठीक आहे, फक्त फ्रंटची कॉइल किंवा तिचा दांडा गेलाय. पॉवर बंद करून ओहमवर (मीटरच्या रेझिस्टन्सच्या सेटिंगवर) मोजायची असेल तर त्या कॉइलवरची वायर सोडवून मग ट्रान्स-फ्रंट आणि ट्रान्स-रिअर मोजा, दोन्हीकडे थोडे ओहम आणि साधारण सारखेच आकडे यायला हवेत. एकीकडे ओपन (म्हणजे सर्किट तुटलेलं) दाखवलं की ती जळली.

पण चाइम फेकायच्या आधी दांडा बोटाने दाबून बघा. मोकळा आत-बाहेर व्हायला हवा. वर्षानुवर्षांची धूळ, स्वयंपाकघराजवळ चाइम असेल तर फोडणीचा तेलकट थर, नाहीतर भिंत रंगवताना आत गेलेला रंग, यामुळे दांडा चिकटतो. आपल्या घरांत हा तेलकट थर जरा जास्तच असतो. कापसाच्या काडीवर रबिंग अल्कोहोल घेऊन दांडा आणि त्याची नळी पुसा, वाळू द्या. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० काहीही मारू नका, त्याच्यावर परत धूळ बसते आणि पुढच्या वर्षी आणखी घट्ट चिकटतं.

चाइमवर दोनच वायरी येत असतील, म्हणजे सामाईक जोड तिथे नसेल, तर ट्रान्स आणि फ्रंटवर मीटर लावून कोणाला तरी बाहेर बटण दाबायला सांगा (सोडवून ठेवलेल्या वायरी टेकवल्या तरी चालेल). न दाबता जवळजवळ शून्य, दाबल्यावर १५-१६. दाबल्यावर व्होल्टेज येतंय आणि आवाज नाही तर चाइम. येतच नाही तर बाकीची साखळी.

ट्रान्सफॉर्मर सापडेपर्यंत

खरं सांगायचं तर बदलण्यापेक्षा शोधायलाच जास्त वेळ जातो. मुठीएवढी काळसर-चंदेरी वस्तू, एका बाजूला दोन स्क्रू आणि त्यांना बारीक वायर लावलेली. पहिल्यांदा इलेक्ट्रिक पॅनेलच्या बाजूला चिकटलेली आहे का बघा, मग बेसमेंटच्या छताला लाकडी जॉइस्टवर एखाद्या जंक्शन बॉक्सला, गराजमध्ये वर, अॅटिकमध्ये, फर्नेसच्या खोलीत, कधीकधी चाइमच्या मागच्याच क्लोझेटमध्ये. फर्नेसमध्ये थर्मोस्टॅटसाठीचा २४ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला बेलचा समजून हात घालू नका. चालू असलेला बेलचा ट्रान्सफॉर्मर हाताला कोमट लागतो आणि कान जवळ नेला तर बारीक गुणगुण येते, कोमट असणं हा दोष नाही, हात ठेववत नाही एवढा गरम असेल तर आहे.

सापडला की त्याच्या दोन बारीक वायरींच्या स्क्रूंवर मोजा. काहीच नाही? मग आधी ब्रेकर बघा, आणि त्याच्या आधी गराजमधलं, बेसमेंटमधलं जीएफसीआय (टेस्ट-रिसेट बटणं असलेलं सेफ्टीचं) आउटलेट बघा, ते ट्रिप झालेलं असलं आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्याच पुढे जोडलेला असला की बेल मुकाट बंद पडते, आणि तिथे रिसेट बटण दाबलं की काम फत्ते. व्होल्टेज आलं नाहीच तर दोन्ही बारीक वायरी सोडवून परत मोजा. सोडवल्यावर १६ आले तर ट्रान्सफॉर्मर चांगला आहे आणि पुढे कुठेतरी वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्यात. सोडवूनही शून्य, आणि १२० येतायत याची खात्री आहे, तर ट्रान्सफॉर्मर गेला. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये आत एक थर्मल फ्यूज असतो तो एकदा उडाला की बदलता येत नाही. म्हणून नवीन लावायच्या आधी पुढे शॉर्ट नाही ना हे बघाच, नाहीतर नवीनही तसाच जाईल.

बदलताना मात्र ही १२० व्होल्टची बाजू आहे, इथे घाई नको. ब्रेकर बंद, मग पेन टेस्टरने बघा, मग मीटरने काळी-पांढरी आणि काळी-ग्राउंड दोन्ही शून्य आहेत हे बघा, आणि मीटर चालू आहे ना हे एखाद्या चालू आउटलेटवर आधी आणि नंतर पण तपासा. नवीनाची काळी काळीला, पांढरी पांढरीला, हिरवी ग्राउंडला, वायर नट घट्ट, ओढून बघा. बारीक वायर त्या १२० व्होल्टच्या बॉक्सच्या आत न्यायची नाही, ती बाहेरच्या स्क्रूंवरच राहते, इलेक्ट्रिकल कोड (वायरिंगचे नियम) पण तेच सांगतो. ट्रान्सफॉर्मर थेट मेन पॅनेलवर बसवलेला असेल आणि पॅनेलचं झाकण काढावं लागणार असेल तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, मेन ब्रेकर बंद केला तरी वरून येणाऱ्या सर्व्हिस वायरींच्या टोकांना पॉवर असतेच. काही गावांत हे काम घरमालकाने करायचं तर परमिट लागतं, भाड्याच्या घरात असाल तर मालकाला सांगा.

कुठला आणायचा? साध्या चाइमला १६ व्होल्ट १० व्हीए (ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीचं माप) पुरतो. पण मी म्हणेन बदलताच आहात तर १६ व्होल्ट ३० व्हीएचा घ्या, किमतीत फार फरक नसतो आणि पुढे व्हिडिओ डोअरबेल लावली तर परत हा उद्योग नको. २४ व्होल्टवर मात्र उगाच जाऊ नका, चाइमवर १६ लिहिलेलं असेल तर त्याच्या कॉइलला ते जास्त होतं. तीन-चार स्क्रूवाला, अनेक व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर असेल तर कुठल्या जोडीवर १६ आहेत ते त्याच्यावर छापलेलं असतं, तीच जोडी.

वायरच खराब असेल तर

सगळ्यात कटकटीचा भाग हा, कारण वायर भिंतीत. पण सिद्ध करणं सोपं आहे. ट्रान्सफॉर्मरचा ब्रेकर बंद करा. बटणापाशी दोन्ही वायरी सोडवून एकमेकींना पीळ मारा. चाइमपाशी त्याच जोडीची दोन्ही टोकं सुटी करून ओहमवर मोजा. १८ गेजच्या तांब्याच्या वायरीला हजार फुटाला साधारण साडेसहा ओहम रेझिस्टन्स असतो, म्हणजे ५० फुटांवर बटण असेल तर जाऊन-येऊन १०० फूट, पाऊण ओहमसुद्धा नाही. मीटरच्या दांड्यांचा थोडा धरून एक-दीड ओहम आले तर वायर उत्तम. वीस, पन्नास, किंवा आकडा नाचतोय, तर कुठेतरी जोड खराब. ओपन दाखवलं तर तुटली. आता बटणाकडचा पीळ सोडून टोकं लांब करा, आता ओपनच यायला हवं, अजून काही ओहम दाखवतोय तर वायरी आत कुठेतरी चिकटल्यात, शॉर्ट.

तुटते कुठे याची नेहमीची ठिकाणं ठरलेली आहेत. बटणाच्या भोकातली पहिली चार-सहा इंच, तिथे ओल येते. बेसमेंटमध्ये वायर लाकडाला मारलेला स्टेपल, जो हातोडीने जरा जास्त ठोकलाय. नवीन स्टॉर्म डोअर किंवा साइडिंग बसवताना गेलेला स्क्रू, भिंतीवर टीव्ही लावताना मारलेला स्क्रू. आणि अॅटिकमध्ये उंदीर नाहीतर खारी. न्यू जर्सीत एडिसनला ओळखीतल्या एका काकूंकडे बेल थंडी सुरू झाली की बंद पडायची, तिथे बघितलं तर अॅटिकमध्ये वायरीचं प्लास्टिक कुरतडलेलं, तांबं उघडं, एक तार जेमतेम टिकलेली. मीटरवर १७ व्होल्ट व्यवस्थित दिसायचे. लोड दिल्यावरच पकडलं गेलं. तुम्ही काही केलं असेल घरात, रंगकाम, दार बदलणं, नवीन फ्लोअरिंग, आणि त्यानंतर बेल गेली असेल तर सरळ तिथेच बघा.

दिसणाऱ्या भागात वायर हलवत जा आणि दुसऱ्या माणसाला मीटर बघत राहायला सांगा, आकडा उडी मारेल तिथे दोष. सापडला की तो तुकडा कापून, टोकं चकचकीत करून, वायर नटने जोडा, बाहेर ओल असेल तिथे आत जेल भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर वापरा, नुसत्या इन्सुलेशन टेपवर भरवसा नको.

भिंतीतच तुटलेली असेल तर आधी खात्रीसाठी बेल वायरचा एक लांब तुकडा जमिनीवरून टाकून चाइम आणि बटण तात्पुरते जोडा. वाजली तर निदान पक्कं, मग भिंतीचं बघा. जुन्या वायरीला नवीन बांधून ओढता येते का बघा, पण बांधकामावेळी ती आत स्टेपल केलेली असेल तर हलणार नाही, जोर लावून अर्ध्यात तोडू नका. आधीच्या मालकाने अलार्मवाली चार तारांची केबल ओढली असेल तर त्यात दोन रिकाम्या तारा असतात, त्या मोजून वापरा. तेही नाही तर बेसमेंटमधून किंवा दरवाजाच्या चौकटीच्या पट्टीमागून नवीन रस्ता काढायचा. आणि एकच तार तुटली म्हणून दुसरी तार म्हणून घराचं ग्राउंड किंवा पाण्याचा पाइप वापरायचा, असले जुगाड कोणी सुचवले तर ऐकू नका. हे सगळं खूपच अवघड जागी असेल, स्टको किंवा विटांची भिंत असेल, तर वायरलेस बेल लावण्यात कमीपणा नाही, पण मग वायर खरंच गेली आहे हे मोजून ठरवलेलं असलं पाहिजे.

काही लक्षणं थेट ओळखता येतात

पुढच्या दाराला नुसतं डिंग वाजतंय डाँग नाही, तर वायर चुकून रिअरवर लागली आहे, किंवा बटण दाबलेलंच अडकलंय, किंवा दांड्याची परतीची स्प्रिंग अडलीये. चाइममधून सतत गुणगुण येतेय तर बटण अडकलेलं किंवा बटणाच्या वायरी शॉर्ट, हे लगेच बघा, रात्रभर तसं राहिलं तर कॉइल जळते, निदान ब्रेकर तरी बंद करा. पाऊस पडला की आपोआप वाजते, तर बटणात किंवा त्याच्या मागच्या भोकात पाणी, बटण बदलून वरच्या कडेला आणि बाजूंना सिलिकॉन लावा, खालची कड मोकळी ठेवा म्हणजे आत गेलेलं पाणी निघेल. आवाज बारीक येतोय तर ते लोडवालं माप घ्या.

व्हिडिओ डोअरबेल लावल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर ते प्रकरण थोडं वेगळं. ती बेल स्वतः चालायला सतत करंट घेते आणि तो चाइमच्या कॉइलमधूनच येतो, म्हणून चाइम गुणगुणतो किंवा मधेच वाजतो. त्यासाठी बऱ्याच मॉडेलबरोबर एक छोटा डबा देतात जो चाइमच्या फ्रंट आणि ट्रान्सला जोडायचा असतो, तो लोक बॉक्समध्येच ठेवतात. काही स्वस्त मॉडेल चाइमला पूर्ण बायपास करतात, तिथे जुना डिंग-डाँग वाजणारच नाही, ते वायरिंगचा दोष नाही, घ्यायच्या आधी वाचून घ्या, विशेषतः घरात फोन न बघणारं मोठं माणूस असेल तर. आणि रात्री इन्फ्रारेड (कॅमेऱ्याचा अंधारात बघायचा दिवा) लागलं की बेल ऑफलाइन जाते अशी तक्रार असेल तर बहुतेक जुना १० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाहीये.

सगळं परत जोडून झालं की चाइमच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, ट्रान्सफॉर्मर कुठे आहे, किती व्होल्ट किती व्हीए, कुठल्या नंबरच्या ब्रेकरवर आहे आणि लोडवर किती व्होल्टेज आलं होतं. ब्रेकर नक्की कुठला ते माहीत नसेल तर मीटर चाइमच्या ट्रान्स आणि सामाईक जोडावर धरून ठेवा, घरातल्या कोणाला तरी एकेक ब्रेकर बंद करत जायला सांगा, आकडा शून्य झाला की तो.